हलायचं नाही

ठमी वेणीत शेवंतीचं फूल खोवत होती आणि देठ जरा जास्तच आत गेला. राहीच्या मानेला टोचलं, ती दचकली, आणि दचकता दचकताच तिच्या ध्यानात आलं की आपण एकट्याच दचकलो. गेले दोन महिने असं झालं नव्हतं. परळला गिरणीचा भोंगा वाजला, इथे सासरी रहाट सुटून विहिरीत दणकन आपटला, माडावरून झावळी खाली आली, कुणी मागून हाक मारली, की आधी ती दचके आणि मग, अंमळ उशिरानं, पोटातला जीव दचके. दूर कुठे तोफ उडाली की आधी धूर दिसतो आणि मागाहून आवाज येतो, तसा. हे तिला नवऱ्याने, हरेश्वरनेच, एकदा सांगितलं होतं, परळच्या खोलीत, दिवा मालवल्यावर. तेव्हापासून दचकायला ती भ्यायची नाही. उलट दचकून झालं की वाट बघायची, आणि आतून उत्तर आलं की गालातल्या गालात हसायची. आत्ताही तिने वाट पाहिली. ठमी गुणगुणत दुसरं फूल उचलत होती. किहीमच्या त्या वाडीत माघातलं स्वच्छ ऊन पोफळींच्या बुंध्यांवर उतरलं होतं, मागल्या दारी तांदळाच्या फेण्या उकडल्याचा वास सुटला होता, आणि पोट गप्प होतं.

"दुखलं का गो वैनी?" ठमीने विचारलं.

"नाही."

दुखलं असतं तर बरं झालं असतं. राही मनातल्या मनात मागे मागे जाऊ लागली. सकाळी पेज प्यायली तेव्हा? पेज ऊन होती, एरवी पेज पोटात गेली की तो अंग ताणायचा. आज ताणलं होतं? आठवेना. आठवत नाही म्हणजे झालंच नाही असं नव्हे, कारण जे रोज होतं ते कोण लक्षात ठेवतो! काल दिवेलागणीला मात्र नक्की. अबोली ओवायला बसली होती, फुलांची परडी मांडीवर पोटाला टेकवून ठेवली होती, तेव्हा त्याने परडीला लाथ मारली आणि दोन अबोल्या खाली सांडल्या. ते तिने ठमीला दाखवलंसुद्धा होतं. त्यानंतर ती दमून झोपली. त्यानंतरचं काही सांगता येत नव्हतं.

पडवीत हरेश्वरची तयारी चालली होती. तो मुंबईला एका गिरणीच्या रंगशाळेत कामाला होता, शास्त्रातला पदवीधर होता, आणि कुठलीही गोष्ट नुसती करून त्याचं समाधान होत नसे. ती तशीच का होते हे कळलं की मग त्याला चैन पडे. हा कॅमेरा त्याने जुना घेतला होता. सागवानी पेटी, पुढे काताड्याचा भाता, खाली तीन पाय. बोटीतून मांडव्याला उतरताना त्याने बायकोला हात दिला होता तो डावा. उजव्या काखेत कॅमेरा होता. ही गोष्ट ठमीने चार दिवसांत सगळ्या आळीला सांगून टाकली होती. आता त्याने कपाटाचं आरशाचं दार बिजागऱ्यांतून काढून आणलं होतं आणि ते खुर्चीच्या मागे तिरपं उभं करत होता. डोहाळजेवणाचा फोटो म्हटला की पुढून तोंड दिसलं पाहिजे आणि मागून भरलेली वेणीही दिसली पाहिजे. त्यासाठी पाठीमागे आरसा हवाच. पण आरशात वेणी दिसावी आणि वेणीशेजारी तिवईवरचा कॅमेरा आणि काळ्या फडक्यातला आपण मात्र दिसू नये, या हिशोबात तो सकाळपासून रमला होता. दार बोटभर फिरवायचा, कॅमेऱ्याकडे जायचा, परत यायचा. अंगणात दोन बांबूंवर त्याने पांढरं धोतर ताणून बांधलं होतं. उन्हाचा उजेड त्यावर पडून गालावर मऊ येईल, सावल्या पुसून जातील, असं त्याचं म्हणणं. राहीच्या दोन्ही गालांवर वांग आले होते, आणि त्याच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटींना तांबूस-पिवळं नीट दिसत नसे. कुंकू काळं यायचं, वांगही होते त्याहून गडद यायचे, ते त्या उजेडात तरी दबतील अशी त्याला आशा होती.

"ठमे," तो म्हणाला, "वहिनीला म्हणावं, तयारी झाली असेल तर बसायला हरकत नाही."

राही त्याच्यापासून चार हातांवर होती. तिला ऐकू आलं होतं हे त्याला ठाऊक होतं. पण मनुबाई, त्याची आई, खांबाला टेकून उभी होती, आणि आईदेखत बायकोशी सरळ बोलायची त्या घरात रीत नव्हती. परळच्या खोलीत तो तिला प्रकाशाचे नियम समजावायचा, तिच्या हातचं खारवलेलं तोंडी लावता लावता तिची थट्टा करायचा. इथे पाऊल टाकलं की दोघांच्या मधे ठमी उभी राहायची, नदीवर साकव असावा तशी. ठमीला त्याची भारी गंमत वाटे.

"वैनी, दादा सांगतंय बसा. आणि दादा, वैनी सांगतंय की बसतंय," ती एका दमात म्हणाली.

"तिनं काही सांगितलं नाही," हरेश्वर म्हणाला.

"मी पुढचं आधीच सांगून ठेवलं. तुमची वाट बघत बसले तर फुलं सुकतील माझी."

मनुबाई हसली. ती सकाळपासून हसरीच होती. हिरवं लुगडं तिने नवं आणलं होतं. पहिल्या वेळचं ट्रंकेत होतं, ते तिने बाहेर काढू दिलं नव्हतं, आणि का ते कुणी विचारलंही नव्हतं. "नीट काढ रे हरी," ती म्हणाली. "फोटू मुरुडला जायचा हाय. सुकलेली दिसली तर विहीणबाय म्हणतील, पोरीला उपाशी ठेवली. बाळंतपणाला माहेरी धाडली न्हाय, तर निदान फोटूत तरी गुबगुबीत दिसूंदे."

माहेरी धाडली नाही. राहीने ते शब्द ऐकले आणि खुर्चीवर बसता बसता ती मुरुडला जाऊन पोहोचली. पहिल्या वेळेला ती माहेरी होती. माहेरच्या घराच्या मागे माड, माडांच्या मागे खाडीचं पाणी, आणि पाण्यावर दुपारचं असं काही मंद चकाकणं की बघता बघता डोळा लागावा. आठवा लागला होता. त्या पोराने तिला फार छळलं होतं, बरगडीखाली टाच रुतवून बसायचा, झोपू द्यायचा नाही. आणि मग तो शांत झाला. किती बरं वाटलं होतं! "शहाणा झाला," ती आईला म्हणाली होती, "निजतो आता." त्या निजण्याचं तिने कौतुक केलं होतं, गावातल्या बायकांना सांगितलं होतं. ती स्वतःही गाढ झोपली होती. पुढे कुणीतरी पोटावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "कधीपासून निजलाय गो?" आणि तिने हसत सांगितलं. तिच्या त्या उत्तरानंतर घरातला उजेडच बदलला. दिवस तोच होता, ऊन तेच होतं, पण बायका उंबऱ्यापाशी थांबून बोलू लागल्या आणि आई चूल पेटती सोडून देवाजवळ जाऊन बसली. तेव्हापासून राहीचा स्वस्थपणावर विश्वास राहिला नव्हता. सुख वाटलं की तिला आधी शंका येई की आत काहीतरी थांबलं तर नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, तेव्हाही तिला हालचाल जाणवली होती. कूस बदलली की तोही त्या कुशीला यायचा. विहिरीत पडलेला नारळ पाणी हललं की काठाला येतो, तसा. तिने ते सगळ्यांना सांगितलं होतं, हलतोय, बघा हलतोय. सुईणीने नुसता पोटावरचा हात काढून घेतला होता.

म्हणजे न हलणंही खरं नव्हे आणि हलणंही खरं नव्हे. मग आता कुणाला काय सांगायचं? बायजा सुईण पलीकडल्याच वाडीत होती, हाक मारली तर येईल. पण हाक मारली की ते वाक्य बोलावं लागेल, आणि त्या वाक्याने काय होतं ते तिने पाहिलं होतं. दुपारी ओटी भरायला आळीतल्या बायका येणार होत्या. ठमीने पहाटेपासून तिच्या अंगावर फुलांची वाडी भरली होती, फुलांचे बाजूबंद, फुलांची कंकणं, मनगटाएवढी वेणी. फोटो होऊंदे, राहीने ठरवलं. फोटो झाला की सांगू. आणि ठरवताच तिच्या मनात आलं की असा फोटो मग भिंतीवर राहील. धोतरावरून आलेल्या मऊ उजेडात हसणारी, वांग नसलेली, फुलांनी भरलेली बाई, आणि तिच्या पोटात... बघणाऱ्याला काय कळणार? फोटोत सगळीच माणसं गप्प असतात.

"शहाळं घे," मनुबाई तिच्या तोंडापाशी तांब्या धरून उभी होती.

"मघाशी गूळपाणी प्यायले, आत्याबाय."

"तरी घे. गोड पाणी हाय. घशाला बरं."

राही प्यायली. गार, किंचित खारट गोडी घशाखाली उतरत गेली आणि ती तिच्यामागोमाग आत उतरत गेली, पार तळापर्यंत, आणि तिथे थांबून तिने कान दिला. मनुबाई तिच्याकडे पाहत होती. राहीने तांब्या परत दिला.

हरेश्वर काळ्या फडक्यात शिरला. त्याचं डोकं, खांदे नाहीसे झाले आणि तिवईला आणखी दोन पाय फुटल्यासारखे दिसू लागले. फडक्यातून त्याचा आवाज आला. "ठमे, वहिनीला सांग, मान थोडी डावीकडे. नाही, तिची डावी. हनुवटी वर. खुर्ची जरा तिरकी घ्यायला सांग, म्हणजे... म्हणजे अंग सडपातळ येईल."

"म्हणजे पोट दिसायचं न्हाय," ठमीने उलगडून सांगितलं.

"दिसतां कामा नये," मनुबाई म्हणाली. "लोकांच्या नजरा काय कागदावरनं लागत न्हाईत?"

मग पोटावरून शेवंतीची लांब माळ सोडायची ठरली. पांढऱ्या टपोऱ्या फुलांची माळ ठमीने गळ्यातून घालून पोटाच्या उंचवट्यावरून खाली सोडली. उजवा हात खुर्चीच्या हातावर, डावा मांडीवर नारळावर. ठमीने फडक्यात डोकं घालून पाहिलं आणि किंचाळत बाहेर आली. "आयो, वैनी उलटी लटकलेय! वटवाघळीसारखी! फुलं घातलेली वटवाघळी!"

"भिंगातून किरण एकमेकांना ओलांडून जातात," आतून आवाज आला. "काचेवर सगळं उलटंच पडतं. फोटोत सरळ होतं."

हे राहीला ठाऊक होतं. परळला त्याने तिला त्या धुरकट काचेवर खिडकीतली चाळ दाखवली होती, पायऱ्या आभाळात आणि धुराडी खाली. आत्ता तो त्या काचेवर तिला पाहतो आहे. आईदेखत, भर दिवसा, इतका वेळ त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. फडक्याआड होता म्हणून पाहू शकत होता. त्या विचाराने तिचे कान तापले, आणि एवढ्या धास्तीतही तिला बरं वाटलं. मग तिला दुसरंच सुचलं. बायजा म्हणाली होती, पोर आता डोकं खाली घेईल. घेतलं असेल तर त्या काचेवर आपण सगळे उलटे, माड उलटे, आत्याबाय उलट्या, आणि त्या सगळ्यांत तेवढा एकटाच सरळ उभा असेल. कुणाला न दिसता.

हरेश्वर फडक्यातून बाहेर आला. त्याचे केस विस्कटले होते. त्याने प्लेटीचं खोकं कॅमेऱ्याच्या मागे बसवलं, भिंगाच्या टोपणावर हात ठेवला. "ठमे, वहिनीला सांग, पडवीत उजेड बेताचा आहे, मी मोजून होईपर्यंत हलायचं नाही. पापणी लवली तर चालेल. बाकी काही नाही. हललं की गेलं."

"वैनी, हलायचं न्हाय हां. दगड व्हायचं."

दगड, राहीला वाटलं. तेवढंच व्हायचं राहिलं होतं मला. टोपण निघालं. भिंगाचा काळा गोल डोळा तिच्याकडे बघू लागला. हरेश्वर एक म्हणाला. वारा पडला होता. पोफळींची सावली अंगणात जिथल्या तिथे होती. ती बसली होती आणि तिच्याभोवती सगळ्यांनी श्वास धरला होता. सगळ्यांना ती स्थिर हवी होती, आणि ती एकटीच उलटं मागणं मागत होती. हल. हे मोजताहेत तोवर हल. सगळा घाट बिघडव, फोटो बिघडव, नवी प्लेट घेतील ते, पण हल. दोन, तो म्हणाला. ती हसत होती. हसायला सांगितलं होतं. ते हसू आता तोंडावर कुणा दुसरीचं ठेवल्यासारखं वाटत होतं. तीन. आणि मग खाली, डावीकडे, पाण्यात मासोळी वळावी तसं काहीतरी वळलं. वळलं का? की तिचा धरलेला श्वास घसरला? की नारळ काठाला आला? पण तिने कूस कुठे बदलली होती, ती तर दगड होती. चार, पाच, तो मोजत होता, आणि ती त्या एका क्षणाला धरून बसली होती. तो हातातून निसटत होता. सहा. टोपण लागलं.

"झालं," हरेश्वर म्हणाला.

तिने पुन्हा वाट पाहिली. पुन्हा काही नाही.

भाताच्या खोलीला खिडकी नव्हती, दाराच्या फटींना त्याने गोणपाट लावलं होतं. तिथे तो प्लेट धुवायला गेला. ठमी घागरभर पाणी घेऊन त्याच्यामागून गेली. राही फुलांसकट पडवीत बसून राहिली. सांगायचं होतं. फोटो झाला होता. मनुबाई मागच्या दारी जाऊन पुन्हा पुढे आली, फेण्यांचं ताट झाकून ठेवलं, उगीच केरसुणी फिरवली, पुन्हा खांबाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात तांब्या होता, तो तिने जोत्याच्या कडेला ठेवला. "पाय सोडून बस," एवढंच म्हणाली. आत्ता सांगावं, राहीला वाटलं, आत्याबाय, मला सकाळपासून... पण ऊन अंगणात छान पसरलं होतं. वाडीच्या टोकाला पाटाचं पाणी वाजत होतं. लाकडी दारामागे हरेश्वर ठमीला काहीतरी समजावत होता आणि ती हसत होती. हे असं अजून थोडा वेळ राहूंदे, अंगावरचं ऊन कुणी ओढून घेऊ नये तसं. आणि मघाचं ते वळणं तिने पुन्हा आठवून पाहिलं. प्रत्येक वेळी ते आणखी अंधुक होत गेलं, अखेर आपण ते इच्छेपोटीच रचलं असं तिला वाटू लागलं.

दार उघडलं. हरेश्वर ओली काच कडांना धरून उजेडात आला आणि त्याने ती आभाळाकडे धरली. मनुबाई जवळ गेली, आणि मागे सरली. "आगो बाय, ही कोण म्हातारी? तोंड काळंमिट्ट, केस पांढरे!"

"उलट असतं आई. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. कागदावर घेतलं की होतं नीट." पण त्याचा चेहरा पडला होता. "गेला फोटो. वेणी बघ, आरशातली पाकळीन् पाकळी आली आहे. तोंडही सुरेख. पण हा हात... हात तीन आलेत."

"देवीला चार असतात," ठमी म्हणाली. "एक कमी पडला."

"उजवा हात थोडा वेळ खुर्चीवर होता, त्यातून खुर्चीचं लाकूड दिसतंय. मग तो पोटावर गेला. तिथेही आहे, पुसट." त्याने नेहमीसारखी बहिणीकडे मान वळवली. "ठमे, वहिनीला विचार, इतकं सांगूनही हात का हलवला?"

"मी हलवला नाही," राही ठमीला म्हणाली. तिला तसंच वाटत होतं. हात खुर्चीवर होता, शेवटपर्यंत. तिने शपथ घेतली असती. ती उठून दोन पावलं पुढे आली. काचेत ती काळ्या तोंडाची बाई बसली होती, आणि तिचा एक हात, धुराचा केल्यासारखा, पोटावर वरच्या अंगाला टेकला होता. कुणी बोलावल्याशिवाय हात असा जातो का?

हरेश्वरने खिशातून भिंग काढलं होतं. बिघडलेली गोष्ट का बिघडली हे कळल्याशिवाय त्याला ती टाकवत नसे. "गंमत आहे," तो स्वतःशीच बोलू लागला. "माळेतलं हे खालचं फूल. एकच फूल दोनदा आलंय, एकाला लागून एक. म्हणजे ते मधेच सरकलं आणि सरकलं तिथेच राहिलं. वाऱ्यानं म्हणावं तर सगळी माळ हलायला हवी, ती हललेली नाही. हाताचा धक्का म्हणावं तर हात वर आहे, आणि हात आणि हे फूल यांच्यामधली फुलं अगदी स्वच्छ आहेत. बाहेरून काही लागलेलं नाही. म्हणजे ते..."

तो थांबला. भिंग त्याच्या डोळ्यापाशीच राहिलं. त्याने सवयीने ठमीकडे मान वळवली, "ठमे, वहिनीला वि..." आणि शब्द तिथेच सोडून दिला. तो राहीकडे वळला, आईदेखत, भर उजेडात, आणि सरळ तिलाच म्हणाला, "तू हलवलंस?"

"मी नाही," राही त्याला म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "सकाळपासून हलला नव्हता. मला वाटलं पुन्हा... मघाशी तुम्ही तीन म्हणालात ना, तेव्हा वाटलं, पण मला खरं वाटेना."

हरेश्वरने काच छातीशी धरली होती, तिचं पाणी त्याच्या सदऱ्यावर उतरत होतं.

"मला ठाव होतं," मनुबाई म्हणाली. "पेज उरवलीस तेव्हाच तुझं तोंड बघितलं मी." आणि ती खांबाला हात धरून, जागच्या जागी, जोत्यावर खाली बसली. तेव्हा राहीच्या ध्यानात आलं की गूळपाणी, शहाळं, केरसुणी, सगळ्या सकाळभर आपण हिला एकदाही बसलेली पाहिली नाही. बसताना मनुबाईचा पाय तांब्याला लागला. तांब्या कडेवरून सुटला आणि अंगणातल्या फरशीवर ठणठणत, उड्या घेत, थेट धोतराच्या बांबूपर्यंत गेला.

राही दचकली. आणि मग, अंमळ उशिरानं, माळेवरची दोन फुलं उचलली गेली.

तिचा हात गेलाच होता पोटावर. या खेपेला कुणी मोजत नव्हतं.